हरमल-अश्वेच्या हिवाळी लाटा: खान्देशातून गेलेल्या नवशिकीचा एका हंगामाचा अनुभव

गेल्या हिवाळ्यात, दिवाळी आटोपल्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत, भुसावळचे घर आणि उत्तर गोव्यातील पेडणे तालुक्याचा किनारा असा माझा येण्याजाण्याचा क्रम होता. काम घरून करता येण्यासारखे असल्यामुळे कधी आठवडाभर, तर कधी शनिवार-रविवारला सुट्टी जोडून मला तेथे राहता आले. या काळात हरमल आणि अश्वे या दोन किनाऱ्यांवर मी सर्फिंग, म्हणजे फळीवर (बोर्डावर) उभे राहून लाटेवर स्वार होणे, शिकले. परतल्यावर जळगाव-धुळ्याकडच्या अनेक परिचितांनी एकच विचारले: आयुष्यात समुद्र दोन-चारदाच पाहिलेल्या माणसाला हे जमेल का, आणि जायचे तर केव्हा? त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. हिवाळ्यात येथील लाट लहान असते आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने हाच या किनाऱ्याचा सर्वांत मोठा गुण आहे. मात्र चांगली लाट दिवसभर मिळत नाही. सूर्योदयापासून साधारण दहा वाजेपर्यंतचा समुद्र आणि दुपारी तीनचा समुद्र यांत इतका फरक असतो की, केवळ दुपारी जाऊन आलेला माणूस या किनाऱ्याविषयी अगदी चुकीचे मत घेऊन घरी परतेल.

याचे कारण वाऱ्यात आहे. शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनी मतलई वारे आणि खारे वारे वाचलेले असतात. खान्देशात त्यांचा उपयोग परीक्षेपुरताच होतो. हिवाळ्यात आकाश निरभ्र असल्याने रात्री जमीन लवकर थंड होते आणि पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हा मंद वारा येणाऱ्या लाटेच्या तोंडावर वाहत असल्याने लाट थोडी उशिरा फुटते, तिचा पृष्ठभाग गुळगुळीत राहतो आणि ती कोठे फुटणार हे नवख्या डोळ्यालाही आधी दिसते. नऊ-दहाच्या सुमारास वारा पडतो, थोडा वेळ पाणी तेलासारखे स्थिर दिसते आणि मग वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. दुपारपर्यंत समुद्रावर आखूड, वेड्यावाकड्या लाटांची गर्दी होते. अशा पाण्यात बोर्डावर उभे राहणे दूरच, त्यावर पालथे पडून हात मारतानाही दमछाक होते. त्यामुळे डिसेंबरपासून मी दुपारी पाण्यात उतरणे जवळजवळ बंद केले. तो वेळ कामाला दिला आणि मनाला रुखरुख लागली नाही.

हवामानाबाबत खान्देशातल्या माणसाला वेगळी तयारी करावी लागत नाही. जानेवारीत आपल्याकडे पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो तेव्हा गोव्यात किमान तापमान विसाच्या आसपास आणि कमाल बत्तीस-तेहेतीस असते. समुद्राचे पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचे असते, म्हणजे पहाटे ते हवेपेक्षाही उबदार लागते. थंड देशांत सर्फिंगसाठी घालतात तो जाड रबरी पोशाख येथे अनावश्यक आहे. पूर्ण बाह्यांचा लायक्राचा अंगरखा मात्र हवाच, कारण बोर्डावर सतत पालथे पडल्याने छाती आणि पोटाची कातडी सोलवटते. शिवाय आठनंतरचे ऊन पाण्यावरून परावर्तित होऊन चेहरा भाजून काढते.

आता लाटेविषयी, कारण हवामानाच्या ॲपवर सर्वांत जास्त गैरसमज येथेच होतो. आपण लाटेची उंची वाचतो, दोन लाटांमधला कालावधी वाचत नाही. हिवाळ्यात हरमलसमोर अर्धा ते पाऊण मीटर उंचीची लाट वारंवार दाखवली जाते. पण सहा सेकंदांच्या अंतराने येणारी लाट आणि तितकीच उंच पण बारा सेकंदांनी येणारी लाट या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. खोल पाण्यात सहा सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे छप्पन्न मीटर, तर बारा सेकंदांच्या लाटेची सुमारे सव्वादोनशे मीटर असते. उंची तीच असली तरी दुसरी लाट जवळपास दुप्पट जोर घेऊन किनाऱ्याशी येते. दक्षिणेकडे, हिंदी महासागराच्या पार टोकाला उठलेली दीर्घ लाट अशी येते तेव्हा पाण्यात दोन लाटांमध्ये श्वास घ्यायला, बोर्ड फिरवायला आणि पुन्हा तयार व्हायला पुरेसा वेळ मिळतो. ॲपवर दिसणारी उंची ही लाटांच्या सर्वांत उंच तृतीयांशाची सरासरी असते. म्हणजे अधूनमधून तिच्याहून बरीच मोठी लाट येणारच. हे ठाऊक असले की घाबरण्याचे कारण उरत नाही.

यात खान्देशाशी जोडलेली एक गोष्ट मला फार रोचक वाटली. हिवाळ्यात इराण आणि अरबी द्वीपकल्पावरून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हवामान प्रणाली, सरकले की त्यांच्यामागे वायव्येचे जोरदार वारे सुटतात. त्यांना तिकडे शमाल म्हणतात. या वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून गोव्यापर्यंत पोहोचतात. त्या आखूड, सहा ते आठ सेकंदांच्या आणि नेहमीपेक्षा उंच असतात. तेच विक्षोभ उत्तर भारतावरून पुढे गेले की उत्तरेचे गार वारे आपल्याकडे उतरतात आणि थंडीची लाट येते. घरून फोनवर 'इकडे हुडहुडी भरली आहे, शेकोट्या पेटल्या आहेत' असे कळत असे, त्याच आठवड्यात हरमलचा समुद्र अनेकदा खवळलेला असे. असे दोन-तीन दिवस नवशिक्याने किनाऱ्यालगतच्या फेसाळ पाण्यातच सराव करावा, असे माझे मत झाले.

भरती-ओहोटी हा आपल्या माणसाला सर्वांत अनोळखी विषय. पण पंचांग घरात असेल तर तो अवघड नाही. कोकणात भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती येते आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. गोव्यात प्रत्यक्ष वेळ थोडी मागेपुढे होते. नेमकेपणा हवा असेल तर मुरगाव बंदराचे भरतीचे कोष्टक पाहावे. मला स्वतःला चतुर्थी-पंचमीच्या आसपासच्या सकाळी सर्वांत अनुकूल वाटल्या, कारण तेव्हा नऊ-दहापर्यंत पाणी ओसरत जाते, वाळूचा उथळ पट्टा दूरवर उघडा होतो आणि लाट त्यावर हळूहळू, वरून ओघळल्यासारखी फुटते. एकादशी-द्वादशीला नेमकी सकाळी भरती असते. मग लाट थेट किनाऱ्याच्या उतारावर येऊन आपटते आणि बोर्डासकट माणसाला वाळूत लोळवते.

लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीच्या पाण्यात फुटते. पाऊण मीटरची लाट म्हणजे कंबरेएवढे पाणी. शिकवणारे तरुण आपल्याला कंबरेएवढ्याच पाण्यात का उभे करतात, याचे उत्तर यातच आहे. पाय तळाला टेकलेले असतात, बोर्ड पोटाशी धरलेला असतो, मागे वळून पाहावे तर एक काळसर रेघ जाड होत जवळ येत असते. 'आता' असे कोणी ओरडायच्या आत बोर्डाची शेपटी उचलली जाते, पुढचे टोक किंचित खाली झुकते आणि क्षणभर हातापायांना करण्यासारखे काहीच उरत नाही, पाणीच पुढे नेत असते. त्याच क्षणी दोन्ही तळहात फळीवर दाबून पाय पोटाखाली ओढायचे असतात. नजर पायांकडे गेली की तोल गेलाच. किनाऱ्यावरच्या एखाद्या माडाकडे पाहिले की उभे राहता येते. सर्फिंगच्या पहिल्या महिन्यात शिकण्यासारखे एवढेच आहे, आणि ते वारंवार करता यावे यासाठी लाट लहान, संथ आणि वाळूवर फुटणारी असणे अत्यावश्यक आहे. बोर्ड नऊ फुटांच्या आसपासचा, फोमचा, मऊ पृष्ठभागाचाच घ्यावा. घोट्याला बांधायच्या लीशचे (बोर्डाला जोडलेल्या दोरीचे) वेलक्रो जुने झाले आहे का, हे भाड्याने घेतानाच ओढून पाहावे.

पोहता येणे आवश्यक आहे का, हा प्रश्न बहुतेक जण विचारतात. माझे उत्तर ठाम होकारार्थी आहे. आपल्याकडे विहिरीत, पाटात किंवा तापी-गिरणेच्या डोहात शिकलेले पोहणे उपयोगी पडते, पण पुरे पडत नाही. विहिरीचे पाणी खोल असले तरी जागेवर असते. समुद्राचे उथळ पाणीसुद्धा पाय ओढते. किनाऱ्याकडे आलेले पाणी कोठून तरी परत जायलाच हवे असते आणि ते वाळूतील खोलगट चरातून समुद्राकडे वेगाने वाहते. दोन बाजूंना लाटा फुटत असताना मध्येच एक शांत, गडद पट्टा दिसला तर नवख्याला तीच सुरक्षित जागा वाटते. प्रत्यक्षात तोच परतीचा प्रवाह असतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे जोर लावू नये, बोर्ड सोडू नये आणि किनाऱ्याला समांतर सरकत फुटणाऱ्या लाटांपर्यंत जावे. हरमलच्या उत्तर टोकाला खडक आहेत आणि खडकांलगत असे प्रवाह निर्माण होण्याची शक्यता अधिक असते, म्हणून मी कायम मधल्या लांब वाळूच्या भागातच राहिले. लाल-पिवळ्या झेंड्यांचा अर्थ पहिल्याच दिवशी जीवरक्षकाला विचारून घ्यावा, आणि नुसता लाल झेंडा असेल त्या दिवशी पाण्यात उतरू नये.

सकाळी किनारा फक्त आपला नसतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. मच्छीमार पहाटे रापण ओढतात. अर्धवर्तुळात टाकलेल्या जाळ्याचे दोर दोन्ही बाजूंनी किनाऱ्यावर येत असतात आणि पाण्यातून ते सहज दिसत नाहीत. माणसे दोराला लागलेली दिसली की पार पलीकडे जावे. ते त्यांच्या पोटाचे काम आहे. अश्वेला लागून मोरजीचा किनारा आहे. तेथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यासाठी येतात आणि घरटी कुंपण घालून राखली जातात. त्या भागातून बोर्ड ओढत नेऊ नये.

नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडच्या मंडळींना साहजिकच सुरत जवळची वाटते. ताप्ती लाइनची गाडी सरळ तेथे नेते आणि आपली तापीही डुमसजवळच समुद्राला मिळते. परंतु खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतील फरक प्रचंड आहे. पाणी दूरवर ओसरते, चिखल उघडा पडतो आणि तेच पाणी मग वेगाने आत येते. शिकण्यासाठी ती जागा नाही. मुंबई-अलिबागकडेही उधाणाच्या दिवसांत हा फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो. गोव्यात तो दोन मीटरच्या आसपास राहतो, म्हणून लाट फुटण्याची जागा तासातासाला फार हलत नाही. प्रवासही वाटतो तितका कठीण नाही. भुसावळला थांबणारी मंगला एक्सप्रेस कोकण रेल्वेमार्गे जाते, त्यामुळे उत्तर गोव्यासाठी ती सोयीची पडते.

महिन्यांची तुलना करायची तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि डिसेंबरचे पहिले तीन आठवडे मला सर्वोत्तम वाटले. जानेवारीत काही सकाळी समुद्र इतका सपाट होता की बोर्डावर बसून नुसते तरंगावे लागले. तरी हात मारण्याचा सराव त्याच दिवसांत पक्का झाला. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात खोल्यांचे भाडे चढते आणि पाण्यात इतकी गर्दी होते की शिकणाऱ्यांचे बोर्ड एकमेकांवर आदळतात. तो आठवडा मी टाळण्याचाच सल्ला देईन. फेब्रुवारीच्या मध्यानंतर खारा वारा लवकर आणि जोरात सुरू होऊ लागला. सकाळचा उपयोगी वेळ आखडत गेला.

नोव्हेंबर-डिसेंबरची एक जोखीम मात्र आहे. या काळात अरबी समुद्रात वादळे येऊ शकतात. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यावर न धडकता समुद्रातूनच उत्तरेकडे गेले, तरी त्याच्या लाटांचे पाणी उत्तर गोव्यातील किनाऱ्यांवरच्या शॅकमध्ये, म्हणजे झोपडीवजा उपाहारगृहांत, शिरले होते. आकाश स्वच्छ आणि वारा शांत असतानाही दूरच्या वादळाची लाट किनारा गाठू शकते. हैदराबाद येथील इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था उंच लाटांचे इशारे राज्यनिहाय देते आणि ते सर्वांना विनामूल्य पाहता येतात. मी निघण्याच्या आदल्या दिवशी आणि तेथे असताना रोज रात्री ते पाहत असे. इशारा असेल तर तिकीट रद्द करून पुढच्या पंधरवड्यातली चतुर्थी-पंचमी शोधावी.