मशीनशेजारचा छोटा ग्राइंडर: कुणी घ्यावा, कुणी घेऊ नये

भोसरी, चाकण, पिरंगुटच्या बऱ्याच प्लास्टिक मोल्डिंग शॉपमध्ये एकच मोठा ग्राइंडर असतो, कोपऱ्यात, भोवती गोण्यांची रास. एबीएस, नायलॉन, पीपी, सगळ्या प्लास्टिकचे रनर (मोल्डमध्ये पार्टपर्यंत प्लास्टिक नेणाऱ्या वाटेत गोठलेले तुकडे) तिथेच येऊन पडतात. गोणीवरची चिठ्ठी पडली की माल भंगारात. यावर उपाय म्हणून मोल्डिंग मशीनच्या शेजारीच ठेवायचा दोन-तीन एचपीचा ग्राइंडर मिळतो. मत आधीच सांगून टाकतो: एकाच मटेरियलवर आठवडाभर चालणाऱ्या मशीनला उत्तम, दिवसातून दोनदा रंग बदलणाऱ्याला डोकेदुखी.

हिशेब असा. चार कॅव्हिटीचा, म्हणजे एका वेळी चार पार्ट देणारा मोल्ड, पार्ट ६ ग्रॅमचा, रनर ९ ग्रॅमचा, म्हणजे शॉट (एका वेळी मोल्डमध्ये जाणारं प्लास्टिक) ३३ ग्रॅम. सायकल ३० सेकंदांची धरली तर २० तासांत २४०० शॉट आणि २१.६ किलो रनर. नव्या दाण्यात २५ टक्के रिग्राइंड, म्हणजे दळलेला रनर, मिसळलं तर दर शॉटला सव्वाआठ ग्रॅम परत जातं. दिवसाकाठी उरतं फक्त १.८ किलो. इलेक्ट्रिकल पार्टसाठी यूएल या अमेरिकी सुरक्षा-प्रमाणन संस्थेची मर्यादाही २५ टक्क्यांचीच आहे, तीही त्याच ग्रेडच्या दाण्यात. गाडीचा पार्ट असेल तर आधी ड्रॉइंग वाचा. तिथे रिग्राइंडला मनाई असेल तर ग्राहकाच्या लेखी परवानगीशिवाय हा सगळा हिशेब कागदावरच राहतो.

ग्राइंडर दोन जातींचे. जाळीवाला ब्लेडचा, आणि बिनजाळीचा, दातेरी रोलरचा, मिनिटाला २५-३० फेऱ्यांचा. दुसरा आवाज कमी करतो आणि पॉलिस्टायरीन, अॅक्रिलिकसारख्या ठिसूळ मालाची पावडर फार होऊ देत नाही. पण टीपीई किंवा एलडीपीईसारखं मऊ प्लास्टिक टाकलंत तर दात्यांत गुंडाळून बसेल. पर्जिंगचे (मशीन साफ करताना बाहेर काढलेल्या प्लास्टिकचे) गठ्ठे तर दोन्हींत टाकू नयेत. ते करवतीने कापून मोठ्या ग्राइंडरलाच द्यावेत.

पावडरीबद्दल जरा सविस्तर, कारण रिग्राइंडला नावं ठेवली जातात ती बहुतेक तिच्यामुळे. बारीक कण मशीनच्या तापलेल्या बॅरलमध्ये दाण्याच्या आधी वितळतात, जळतात आणि पार्टवर काळे ठिपके येतात. सुपरवायझर मटेरियलला दोष देतो, चूक असते ब्लेडची. फिरत्या आणि स्थिर ब्लेडमधलं अंतर ०.२ ते ०.३ मिमी हवं. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) एकाच टोकाला घालून भागत नाही, पूर्ण लांबीत तीन जागी बघा. धार गेली की माल कापला न जाता चुरडतो, चेंबर तापतं आणि जाळीच्या भोकांच्या कडेला वितळलेलं प्लास्टिक चिकटतं. जाळी साधारण ६ ते ८ मिमी भोकांची घ्या. तपासायला लॅब नको: किलोभर रिग्राइंड रव्याच्या चाळणीतून चाळा आणि खाली पडलेलं वजन करा. २० ग्रॅमच्या वर भरलं तर ब्लेड काढा.

रनर टाकण्याची वेळही मटेरियलवर ठरते. नायलॉन हवेतला ओलावा ओढतं, म्हणून लगेच दळून परत पाठवावं. उशीर झाला तर ८० अंशांवर किमान चार तास सुकवणं आलंच. पीपीचा गरम रनर मात्र मऊ असतो, रोटरला गुंडाळतो. त्याला ट्रेमध्ये मिनिट-दोन मिनिटं निवू द्या. ग्लासभरल्या (काचतंतू मिसळलेल्या) नायलॉनमध्ये दर फेरीला काचतंतू आखूड होतात, ताकद घटते. तिथे हात आखडताच ठेवावा.

हॉपरातलं ग्रिल मॅग्नेट लोखंड धरतं, पार्टमध्ये बसवलेला पितळेचा तुकडा, म्हणजे इन्सर्ट, नाही. इन्सर्टचे रिजेक्ट पार्ट चुकून आत गेले की ब्लेडला खाच पडलीच. आणखी एक: वायरिंग बदलल्यावर फेज उलटली तर रोटर उलटा फिरतो, कापत काहीच नाही. मशीन बिघडलं म्हणून फोन करण्याआधी फिरण्याची दिशा बघा. चेंबरमध्ये माल असताना सुरू करू नये, मोटर अडते.

रंग बदलताना खरी परीक्षा होते. मेन स्विच बंद करून कुलूप, मग झाकण, जाळी, ब्लेडमागचे कोपरे, शेवटी खालचा डबा. काळ्यावरून पांढऱ्यावर जायचं असेल तर अर्धा-पाऊण तास मोडतो. एअरगनने फुंकू नका, व्हॅक्युमच वापरा. फुंकलेले दाणे शेडबाहेरच्या गटारात जातात. भोसरीचं पाणी पवना-इंद्रायणीला आणि तिथून भीमेतून उजनीला. रनर वाचवायचा आणि दाणे नदीला, याला काय अर्थ? गटाराच्या तोंडाला बारीक जाळी बसवा, खर्च किरकोळ आहे.

बाहेर भंगार देण्याचा रस्ताही पूर्वीसारखा राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीजवळच्या कुदळवाडीतली भंगाराची गोदामं पाडली गेली. मिश्र गोणीला आधीच भाव कमी, त्यात वाहतूक.

खरेदीला जाताना स्वतःच्या रनरची गोणी सोबत न्या आणि विक्रेत्यासमोर तासभर दळून घ्या. पाच मिनिटांच्या डेमोत कुठलाही ग्राइंडर चांगलाच चालतो. झाकण उघडताच मशीन बंद करणारी लिमिट स्विच काम करते का, ते झाकण उचलून पाहा. आणि ब्लेडचा दुसरा सेट त्याच बिलात घ्या, नाहीतर धार लावायला गेलेला सेट परत येईपर्यंत रनर पुन्हा गोणीतच जातील.