होणाऱ्या व्याह्यांसमोर कुठला लावायचा, 'मीट द पेरेंट्स' की 'मीट द फॉकर्स'?

परवा मावसबहिणीचा फोन, ती इथेच इंदूरला राजवाड्याजवळ राहते, म्हणाली रविवारी बडोद्याहून मुलाकडचे येतायत, लग्न ठरल्यातच जमा आहे, रात्री सराफ्यात, म्हणजे खाऊगल्लीत, नेऊ पण दुपारी जेवणानंतर काय करायचं, एखादा सासरा-जावई टाइप हसवणारा पिक्चर सांग ना. मी म्हटलं दोन आहेत, पण चुकीचा लावलास तर साखरपुड्याचा हॉल कॅन्सल करावा लागेल.

दोन्ही दिग्दर्शक जे रोचचेच, पहिला २००० चा, दुसरा २००४ चा, दोन्हीत बेन स्टिलर जावई आणि रॉबर्ट डी नीरो सासरा. पहिल्यात ग्रेग नावाचा नर्स (हो, पुरुष नर्स, यावरूनही त्याला टोमणे खावे लागतात) मुलीला मागणी घालायच्या तयारीने तिच्या आईवडिलांकडे जातो, घरात धाकट्या बहिणीचं लग्न, विमानात बॅग हरवते, अंगठी त्या बॅगेतच. आणि फुलांचा धंदा करतो म्हणून सांगितलेला सासरा निघतो सीआयएचा रिटायर माणूस, होणाऱ्या जावयाला चक्क लाय डिटेक्टरला बसवतो.

पण खरी मजा मशीनमध्ये नाही, जेवणाच्या टेबलावर आहे. ग्रेगला सांगतात जेवायच्या आधी प्रार्थना म्हण. बिचारा ज्यू आहे, यांची प्रार्थना कुठून येणार, मग आठवेल ते एकमेकाला जोडत राहतो. आपल्याकडे नवीन जावयाला आरती सांगायला लावली आणि त्याला 'घालीन लोटांगण'च्या पुढे काही येईना, सगळे टाळ्या वाजवत त्याच्याकडे बघतायत, तसं. मग शॅम्पेनचं बूच उडतं ते थेट सासऱ्याच्या आईच्या अस्थींच्या कलशावर. त्याच टेबलावर मांजरीचं दूध काढल्याची थापही मारून झालेली असते. प्रत्येक थाप छोटीशी, समोरच्याला बरं वाटावं म्हणून मारलेली, आणि तीच पुढे अंगाशी येते. आमचे हे पुण्याचे, पहिल्यांदा घरी आले तेव्हा बाबांनी विचारलं गराडू (तळलेला कंद, इथला थंडीतला खाऊ) आवडतात का, हे म्हणाले खूपच, आयुष्यात पाहिले नव्हते, त्या थंडीत दर भेटीला प्लेटभर गराडू खावे लागले. म्हणून मला पहिला जास्त भिडतो.

दुसऱ्यात उलटं, मुलीच्या आईबापांना घेऊन ग्रेग आणि ती फ्लोरिडाला मुलाच्या घरी जातात. वडील डस्टिन हॉफमन, वकिली सोडून घरी राहून पोराला वाढवलेले, आई बार्बरा स्ट्रायसँड, म्हाताऱ्या जोडप्यांना सेक्सबद्दल सल्ला देते. आता ग्रेगला आपल्याच आईबापांची लाज, आणि दोन बापांमधली चढाओढ, ती बघण्यासारखी आहे. दोघंही मोठे कलाकार, आणि त्यांचं घर इतकं मोकळं आणि प्रेमळ की आपल्याला तिकडेच राहावंसं वाटतं. गोष्ट मात्र सैल, गमती एकापुढे एक ठेवल्यासारख्या. कमाईवरून ठरवणार असाल तर दुसराच पुढे, जगभरात ५२ कोटी डॉलर, पहिल्याचे ३३ कोटींच्या आसपास. पण कमाईचं काय सांगता, आपल्याला सोफ्यावर कोण बसणार ते बघायचंय.

कारण दुसऱ्यात ग्रेगच्या सुंतेची आठवण म्हणून आईने जपून ठेवलेला तुकडा सगळ्यांसमोर जेवणाच्या भांड्यात पडतो. आत्या विचारणार, काय गं पडलं ते? सांगणार कोण? शिवाय तान्ह्या नातवाचा पहिला शब्दच शिवी. मित्रमैत्रिणी असतील तर बिनधास्त लावा, पोट दुखेपर्यंत हसाल, पण व्याही-विहीण आणि मधे काजूकतलीची प्लेट, तिथे नाही. पहिला अगदी सोवळा आहे असं नाही, ग्रेगच्या 'फॉकर' आडनावाचाच विनोद इंग्रजी शिवीवरून आहे, पण ज्याला कळत नाही त्याचं काही अडत नाही.

तिसराही आहे, २०१० चा, दिग्दर्शक दुसरा, सोडून द्या. आणि आजीला इंग्रजी नको असेल तर सतीश राजवाडेंचा 'मुंबई पुणे मुंबई २' लावा, २०१५ चा, मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी, लग्न ठरल्यावर मुलीचं मन डळमळतं. अवघडलेपण कमी, गोडवा जास्त, पण झोपलेले काकाही उठून बघतील.

तर बहिणीला सांगितलं, पहिला लाव, दोन तासांच्या आत संपतो, फक्त जेवणानंतर थोडं थांबून लाव कारण पुढे अंगणात सेप्टिक टँक वर येतो. ती म्हणाली ठीक आहे, आणि सकाळी पोहे-जिरावण (आपला इंदुरी मसाला) पुढे ठेवल्यावर त्यांनी आमच्याकडची सेव-उसळ बरी म्हटलं तर?

मग दुसरा लाव, म्हटलं.