गड्ड्यातलं नवं खेळणं घ्यायचं का माळ्यावरचं जुनं काढायचं? आमच्या घरचा अनुभव

परवा धाकट्या जाऊबाईंचा फोन, ताई गड्डा तोंडावर आलाय आणि पोरगीनं आत्तापासूनच नव्या खेळण्याचा धोशा लावलाय, घरात तर पाय ठेवायला जागा नाही, तुम्ही काय करता? (गड्डा म्हणजे आमच्या सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेला होम मैदानावर भरणारी जत्रा.) कुकरच्या शिट्ट्यांत अर्धंच सांगून झालं, म्हणून सगळं लिहूनच काढते.

आमच्याकडं सगळे प्रकार करून झालेत. पहिला ठरवून केलेला नाहीच. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक गाठोडं निघालं, विरलेल्या सोलापुरी चादरीत बांधलेलं, मला वाटलं जुनी स्वेटरं असतील. गाठ सोडली तर आत तीन चाकांची लाल एसटी, शेपूट तुटलेला डायनासोर, ठोकळे आणि भातुकलीतली चेपलेली कढई. आमचं पोरगं सहा वर्षांचं, एरवी तोंड बंद नसतं, पण तेव्हा काही बोललंच नाही. एसटी उचलली, उलटी केली, खाली त्यानंच कधीतरी चिकटवलेलं केळ्यावरचं स्टिकर होतं त्यावरून बोट फिरवलं आणि मग "आई ही माझीए!" करत आजीकडं पळालं. आजीला काय सांगतोय तर, "मी लहान होतो ना, तेव्हाची आहे ही." सहा वर्षांचा माणूस!! दुपारचं जेवण त्या दिवशी चार वाजता झालं.

आता गड्डा. मागच्या जानेवारीत होम मैदानावर घासाघीस करून दोनशेला लाईटचं हेलिकॉप्टर घेतलं, रात्री उशाशी घेऊन झोपला, चौथ्या दिवशी पंखा तुटला. तरी गड्ड्यात काहीच घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पाळण्यातून उतरून दहा स्टॉल फिरून स्वतः एक वस्तू निवडायची ही मजा माळ्यावरून थोडीच येणार. फक्त ती मजा तिथंच जास्त असते, घरी आल्यावर भराभर उतरते.

आणि तिसरा प्रकार म्हणजे मुद्दाम लपवायचं, अर्धी खेळणी डब्यात घालून वर टाकायची आणि काही दिवसांनी काढायची. पसारा कमी हा फायदा तर आहेच, पण अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाचा 2018 मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे, दीड ते अडीच वर्षांची 36 मुलं, समोर 16 खेळणी असताना आणि चारच असताना कशी खेळतात ते बघितलं, तर चार असताना एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि जास्त प्रकारे खेळली. मी हे वाचून जोशात डबा भरला, पण पोरगं बघत असताना भरला, चौथ्या दिवशी स्टूल लावून डबा खाली! दुसरी चूक म्हणजे त्यात रोजचा झोपायचा ससा गेला, ती रात्र विचारूच नका. मुलं झोपल्यावरच भरा आणि जीव की प्राण असलेलं काही त्यात घालू नका. आमच्या वयाला दोन-तीन महिने तरी जावे लागतात, नाहीतर विसरतच नाहीत, आणि विसरल्याशिवाय सापडल्याचा आनंद कुठला.

सगळीच खेळणी परत रंगत नाहीत हेही सांगते. गाड्या, ठोकळे, भातुकली चालतात कारण पोर मोठं झालं की खेळ बदलतो, पूर्वी एसटी नुसती ढकलायचा, आता कंडक्टर होऊन तिकिटं फाडतो. बारा तुकड्यांचं पझल मात्र मिनिटात लावून बाजूला टाकलं.

जुनं काढताना सेलचं झाकण आधी उघडून बघा. आमच्या बोलणाऱ्या पोपटात पेन्सिल सेल फुटून पांढरी भुकटी झाली होती, त्याला उघडा हात लावायचा नाही, सेल काढून व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडवलेल्या इअरबडनं पुसायचं आणि कोरडं करायचं. बटण सेलचा स्क्रू ढिला असेल तर खेळणं सरळ बाद, गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. पत्र्याखालच्या उन्हाळ्यानं रबर चिकट झालेलंही टाकून द्या. खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला 1 जानेवारी 2021 पासून, त्याआधीची रंग उडालेली खेळणी तोंडात घालणाऱ्या बाळाला नकोच. बाकी सगळं पाण्याच्या दिवशीच धुवायला काढा, नाहीतर सासूबाईंची बोलणी खावी लागतात.

तर जाऊबाई, आधी माळा झाडा, मग गड्डा. यंदा आमच्याकडं होम मैदानावरून एकच वस्तू आणि त्याच रात्री घरातल्या दोन वर. एसटी मात्र खालीच राहणार, चौथ्या चाकाला बाटलीचं झाकण बसवायचं ठरलंय, तीन झाकणं लावून झाली, एकही बसेना.