एकच रंग, दोन बादल्या आणि पेंटरचा ड्रम

घरभर एकच रंग द्यायचा विचार असेल, त्यातही बेज, म्हणजे पेंटर ज्याला 'बिस्किट कलर' म्हणतात तो, तर हे आधी वाचा. आमचं डोंबिवलीतलं टू बीएचके दिवाळीच्या तोंडावर रंगवून घेतलं. मजुरीचा दर लेखी ठरवला, नामांकित कंपनीचं चांगल्यातलं इमल्शन, म्हणजे ओल्या फडक्याने पुसता येणारा भिंतीचा रंग, निवडलं, दुकानाचं जीएसटी बिल माझ्या नावावर घेतलं. बादल्याही सीलबंद आल्या. झाकणावर टिंटिंग मशीनचं, म्हणजे दुकानात शेड मिसळून देणाऱ्या मशीनचं, स्टिकर, त्यावर शेडचा नंबर, सगळं जागच्या जागी. आणि तरीही फसवणूक झाली.

युक्ती साधी होती. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "ताई, घरभर एकच शेड आहे ना, मग दोन्ही बादल्या एका ड्रममध्ये कालवाव्या लागतात. नाहीतर या बादलीचा आणि त्या बादलीचा फरक भिंतीवर दिसतो." हे खोटं नाही, म्हणूनच खपलं. मशीनवर केलेल्या दोन बादल्यांतही किंचित फरक पडू शकतो आणि जाणकार पेंटर खरंच रंग एकत्र करून घेतात. फक्त हे काम साइटवर, तुमच्या डोळ्यांसमोर होतं. याने एक बादली हॉलसाठी ठेवली आणि "ड्रम गोडाउनला आहे" म्हणत दुसरी नेली. दुसऱ्या दिवशी तीच बादली, तेच झाकण, तेच स्टिकर परत आलं. आत मात्र डिस्टेंपर, म्हणजे खडूच्या भुकटीचा स्वस्त रंग होता, स्टेनर (बाटलीत मिळणारं गडद रंगद्रव्य) टाकून हाताने बिस्किटी केलेला. आमच्या बिलावर एक बादली साडेनऊ हजारांची आहे. डिस्टेंपर किलोवर मिळतं आणि त्याच्या कितीतरी कमी पैशांत येतं. निळा किंवा हिरवा असता तर हाताने कालवलेला रंग लगेच उघडा पडला असता. बेज मात्र पांढऱ्यात पिवळा, लाल आणि चिमूटभर काळा टाकला की 'साधारण तसाच' दिसतो.

उघडकीला आलं ते सासूबाईंमुळे. त्या बेडरूममध्ये भिंतीला टेकून शेंगा सोलत बसल्या होत्या. उठल्या तर काळ्या ब्लाउजच्या पाठीवर पिवळट भुकटीचा पट्टा! मी ओलं काळं फडकं घेऊन भिंत पुसली, फडक्यावर पिठासारखा थर आला. हॉलची भिंत तशीच पुसली, फडकं स्वच्छ. मग पॅसेजमध्ये, जिथे हॉलची भिंत संपून बेडरूमची सुरू होते, तिथे दुपारच्या उजेडात नीट पाहिलं. हॉलकडचा बेज जरासा गुलाबीकडे झुकणारा, पलीकडचा सरळ पिवळा.

फोन केला तर उत्तर तयारच होतं. "ताई, हॉलला वॉर्म लाइट आहे, बेडरूमला पांढरा. बेज लाइटप्रमाणे बदलतो." हेही अर्धं खरं. बेज दिव्याप्रमाणे बदलतोच. पण दुपारी खिडकीच्या उजेडात दिव्याचा काय संबंध? आणि भिंतीची भुकटी कोणत्या बल्बमुळे पडते? पुढे गॅलरीतला राडारोडा आवरताना रद्दीत गुंडाळलेली पिवळ्या स्टेनरची रिकामी बाटली सापडली. मशीनवर शेड करून आणलेल्या रंगात स्टेनर लागतच नाही. बाटलीचा फोटो पाठवला, तेव्हापासून साहेब फोन उचलत नाहीत.

दुसरी बादली मुळात लागणारच नव्हती, हा त्यातला आणखी एक भाग. आमच्या भिंती सुमारे सोळाशे चौरस फूट. छत पांढरं, त्याचा रंग वेगळा. बादलीवर छापलं होतं की गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना लिटरमागे १२० ते १४० चौरस फूट होतात. यातला कमी आकडा धरला तरी तेरा-चौदा लिटर, नासधूस धरून फार तर सोळा. वीस लिटरची एक बादली पुरून उरली असती. याने चाळीस लिटर सांगितले आणि उरलेला अस्सल रंग बहुतेक दुसऱ्या कोणाच्या भिंतीवर गेला. तेव्हा कॉन्ट्रॅक्टरच्या अंदाजावर जाऊ नका. टेप घेऊन भिंती मोजा, दारं-खिडक्या वजा करा आणि बादलीवरच्या आकड्याने भागा. आणि उघडलेली बादली काम संपेपर्यंत घराबाहेर जाऊ देऊ नका, कारण काहीही सांगो.

शेवटचा हप्ता मी रोखून धरला आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. त्यातून मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. बिल, दर ठरवल्याचे मेसेज, स्टिकरचा फोटो, फडक्याचा व्हिडिओ सगळं जपून ठेवलं आहे. बाटलीसुद्धा.

मध्यस्थामार्फत त्याचा निरोप आला होता, "वरून एक हात फुकट मारून देतो." तुमच्यावर ही वेळ आली तर हा हात मारून घेऊ नका. भुकटी सुटणाऱ्या डिस्टेंपरवर इमल्शन धरत नाही, पावसाळ्यात पोपडे सुटतात. आधी सगळं खरवडून, धुऊन, वाळवून प्रायमर मारावा लागतो. नव्या पेंटरने या खरवडणीचा दर वेगळा सांगितलाय, तो मी तक्रारीत नुकसानभरपाईच्या रकमेत धरला आहे.