पुण्याच्या रविवार पेठेतलं कतरनचं (उरलेल्या कापडाच्या तुकड्यांचं) दुकान, गोधडीच्या पट्ट्यांसाठी पाच स्टार

मी घरी ब्लाउज शिवते, वीसेक वर्षं झाली, त्यामुळे चिंध्या आमच्याकडे पोत्यानं साठतात पण त्यात अर्ध्याहून जास्त सिल्क नाहीतर पॉलिस्टर, आणि अस्तराचं कॉटन असतं ते फार पातळ, गोधडीला वरून लावायच्या कामाचं नाही. पुतणी यंदा नाशिकला होस्टेलला निघाली, तिच्यासाठी आमच्या सासूबाईंचं नऊवारी लुगडं आत घालून गोधडी करायची असं मी आणि जाऊबाईंनी ठरवलं होतं. लुगडं पेटीत तसंच होतं, वरच्या पट्ट्यांचंच अडलं होतं.

आधी ऑनलाइन मागवल्या. फोटोत छान प्रिंटच्या कॉटनच्या पट्ट्या, पाकीट उघडलं तर अर्धं जॉर्जेट आणि कसलं कसलं सिंथेटिक. इस्त्री टेकवली तशी एक पट्टी आकसून गोळा झाली, इस्त्रीला चिकटली ती वेगळीच. परत घेत नाहीत म्हणे. फार वाईट वाटलं, कारण पैसे गेले त्यापेक्षा आठवडा गेला आणि पोरीची जायची तारीख जवळ आली होती.

मग शेजारच्या ताईंनी हे दुकान सांगितलं. मंडई मेट्रोला उतरून चालत गेले, गाडी अजिबात नेऊ नका, रविवार पेठेत पार्किंग शोधण्यात अर्धा तास जाईल. दुकान पहिल्या मजल्यावर, जिना उभा आणि अरुंद, गुडघेदुखीवाल्यांनी कुणाला तरी सोबत न्या. आत सगळी पोतीच पोती, शर्टांच्या कारखान्यातून कटिंग झाल्यावर उरलेलं कापड येतं ते. मी वरवर चाळत होते तर दुकानदार काका म्हणाले, "ताई, हे नका घेऊ, यात मिक्स आहे, तुम्हाला गोधडीला पाहिजे ना, थांबा खालचं सोडतो."

आणि मी न विचारताच त्यांनी दोन पट्ट्यांचे धागे ओढले आणि काडी लावून दाखवली. एक धागा कागदासारखा भुरूभुरू जळला, वासही जळक्या कागदाचा आणि राख बोटानं चुरली. दुसरा आधी वितळला मग टोकाला काळा टणक मणी झाला, तो नखानं फुटेना. म्हणाले, "हा मणी झाला की पॉलिस्टर." मला हे माहीत होतं, पण विकणारा माणूस स्वतःच्या मालावर काडी लावून दाखवतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. गोधडीला हे महत्त्वाचं आहे कारण कॉटन पहिल्या धुण्यात आटतं आणि पॉलिस्टर आटत नाही, दोन्ही शेजारी शेजारी आले की गोधडीला चुण्या पडतात त्या कायमच्या.

सव्वा किलो घेतलं, 180 रुपये किलोनं. दीड ते तीन इंच रुंदीच्या पट्ट्या, बऱ्याचशा हातभर लांब. दुकानात ट्यूबलाइटच आहे त्यामुळे रंग फसतात, मी खिडकीपाशी नेऊन बघितल्या, काका काही बोलले नाहीत उलट स्टूल दिलं. एक लाल पट्टी मात्र रंग सोडणारी निघाली, ओली करून पांढऱ्या कापडात दाबून इस्त्री केली तर गुलाबी डाग पडला, ती काढून टाकली. हे दुकान कुठलंही असो, लाल, मरून आणि गडद निळं असं तपासल्याशिवाय वापरू नका.

आता शिवायचं कसं ते पण लिहिते कारण पट्ट्या बघून बऱ्याच जणी म्हणतात इतक्या बारीक चिंध्यांचं काय करणार. जुनं धोतर होतं त्याचे साडेदहा इंचाचे 54 चौकोन फाडले. चौकोनाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पहिली पट्टी तिरकी, सुलटी ठेवायची, तिच्यावर दुसरी उलटी, कडेला कड जुळवून पाव इंचावर शिलाई, मग ती उलटवून नखानं दाबायची, की पुढची. चौकोन भरला की 10 इंचाला कापायचा. खाली धोतर आहे म्हणून पट्टी उरेप, म्हणजे तिरकी कापलेली असली तरी ताणली जात नाही, नुसत्या पट्ट्या एकमेकींना जोडत गेलात तर सगळं वेडंवाकडं होतं. अमेरिकेत पूर्वी बायका खाली वर्तमानपत्राचा कागद धरायच्या आणि नंतर फाडून काढायच्या, मी कापडच ठेवते, तेवढाच एक थर वाढतो. चार चौकोन फिरवून जोडले की मधे चौकट उमटते, ती उमटताना बघायला मला अजूनही फार आवडतं. सहा बाय नऊ चौकोनांची साधारण 57 बाय 85 इंच गोधडी झाली, पलंगाला पुरेशी.

आत लुगडं, खाली मांजरपाट (जाडसर साधं कॉटन), आणि मग जाड दोऱ्यानं धावदोरा, कडेपासून आत आत. हे मशीनवर करू नका, हातानंच. मी आणि जाऊबाई समोरासमोर बसून अकरा दिवस घालत होतो, लुगड्याचा पदर कुठे आहे ते त्यांना हाताला कळायचं, म्हणायच्या "इथे जरा जपून, विरलंय." शेवटी जिथे विरलं होतं तिथे टाके जवळ जवळ घातले.

पोरीनं गेल्यावर फोटो पाठवलाय, अभ्यासाच्या खुर्चीत बसून अंगावर घेतलीय.

यूपीआय चालतं, पिशवी घरून न्या, सकाळी अकराच्या सुमारास गेलात तर काका निवांत असतात. माझी पाव किलो उरलीय त्यात बाळाचं दुपटं होईल, पण निळ्या कमी पडतायत म्हणून काकांना निळ्या वेगळ्या काढून ठेवायला सांगितल्यात, गुरुवारी जाऊन आणणार आहे.