जीएनएम, बीएस्सी की सीमेपलीकडचे महाविद्यालय? खासगी नर्सिंग शिक्षणाच्या पर्यायांचा तुलनात्मक आढावा

विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेली माझी भाची निकालानंतर चार माहितीपत्रके घेऊन माझ्याकडे आली. तिचे गाव अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेला लागून असल्यामुळे तिच्यापुढचे पर्याय दोन राज्यांत विखुरलेले होते. पहिले पत्रक जिल्ह्याच्या ठिकाणी एका जुन्या धर्मादाय रुग्णालयाला जोडलेल्या शाळेच्या जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) पदविकेचे, दुसरे महामार्गालगत नव्याने उभ्या राहिलेल्या खासगी बीएस्सी नर्सिंग महाविद्यालयाचे, तिसरे एका मध्यस्थाने आणून दिलेले कर्नाटकातील महाविद्यालयाचे आणि चौथे तालुक्याच्या बाजारपेठेत दोन खोल्यांत चालणाऱ्या एका वर्षाच्या ‘नर्सिंग’ प्रमाणपत्राचे होते. आयुष्याचा बराच काळ वॉर्डात आणि पुढे सिस्टर ट्यूटर, म्हणजे नर्सिंगची शिक्षिका, म्हणून काढलेला असल्याने तिने मला विचारणे स्वाभाविकच होते. संस्थांची नावे येथे देत नाही. याच चार नमुन्यांच्या संस्था बहुतेक जिल्ह्यांत सापडतील.

चौथे पत्रक आम्ही प्रथम बाजूला काढले. महाराष्ट्रात परिचारिका म्हणून काम करण्यासाठी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी लागते, आणि ती नोंदणी एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ), जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग यांपैकी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केल्यावरच मिळते. यांतील सर्वांत लहान असलेला एएनएमही दोन वर्षांचा आहे. त्यामुळे एका वर्षात ‘नर्स’ करून देणारा कोणताही वर्ग नोंदणीपर्यंत नेत नाही, मग भिंतीवर प्रमाणपत्रांच्या कितीही चौकटी लावलेल्या असोत. रुग्णसहायकाचे, म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंटचे, अल्पमुदतीचे प्रशिक्षण हा वेगळा आणि प्रामाणिक मार्ग आहे. घरची निकड असेल तर तो जरूर घ्यावा, परंतु सहायकाचे शिक्षण परिचारिकेच्या नावाने विकणाऱ्याकडून घेऊ नये.

मान्यतेच्या बाबतीत उरलेले तीनही पर्याय कागदावर बरोबर होते, फक्त कागद वेगवेगळे होते. जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. बीएस्सी नर्सिंगचे महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असावे लागते. कर्नाटकातील महाविद्यालयासाठी बंगळुरूचे राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि त्या राज्याची नर्सिंग परिषद पाहावी लागते. माहितीपत्रकावर इंडियन नर्सिंग कौन्सिलचे (आयएनसी, नर्सिंग शिक्षणाचे निकष ठरवणारी राष्ट्रीय संस्था) बोधचिन्ह छापलेले आहे एवढ्यावर थांबू नये. संस्थेचे नाव, अभ्यासक्रम, मंजूर जागा आणि शैक्षणिक वर्ष या चारही गोष्टी संबंधित परिषदेच्या व विद्यापीठाच्या यादीशी ताडून घ्याव्यात, कारण जीएनएमची मान्यता असलेल्या संस्थेने बीएस्सीचे प्रवेश ‘मान्यता येणारच आहे’ असे सांगून सुरू केल्याची उदाहरणे आमच्या क्षेत्रात नवी नाहीत.

मान्यता ही मात्र केवळ उंबरठ्याची गोष्ट झाली. या तुलनेत माझ्या मते सर्वांत जास्त वजन ज्या मुद्द्याला द्यायला हवे, तो म्हणजे संस्थेच्या ताब्यातील रुग्णालय आणि त्या रुग्णालयातील भरलेल्या खाटा. आयएनसीच्या निकषांनुसार नर्सिंगच्या संस्थेला किमान 100 खाटांचे स्वतःचे किंवा पालक रुग्णालय असावे, विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत आणि सर्वसाधारणपणे 75 टक्के खाटा भरलेल्या असाव्यात अशी अपेक्षा आहे. पालक वर्गखोल्या, संगणक कक्ष आणि वसतिगृहाच्या फरशा पाहून परततात. रुग्णालयात कोणी डोकावत नाही.

आम्ही पहिल्या दोन पत्रकांतील ठिकाणी सकाळी साडेसातच्या सुमारास गेलो. धर्मादाय रुग्णालयाची इमारत जुनी, भिंतींना ओल, शाळेचे ग्रंथालय दोन कपाटांचे. परंतु स्त्री शस्त्रक्रिया वॉर्डात रात्रपाळीची सिस्टर सकाळपाळीला खाट क्रमांकानुसार रुग्ण सोपवत होती आणि दुसऱ्या वर्षाच्या चार विद्यार्थिनी हातात वही घेऊन तिच्या मागोमाग फिरत होत्या. त्यांतल्या एकीने ड्रेनमधील, म्हणजे शस्त्रक्रियेच्या जागी बसवलेल्या नळीतील, स्राव मोजून तक्त्यावर लिहिला. इन्चार्ज सिस्टरने आकडा पाहिला, नळी उचलून पुन्हा पाहायला लावले आणि आकडा खोडून नवा लिहवून घेतला. एवढाच प्रसंग, दोन मिनिटांचा. मी मात्र तेथेच निम्मा निर्णय घेऊन टाकला होता, हे आता कबूल करते.

महामार्गावरच्या महाविद्यालयात कौशल्य प्रयोगशाळा उत्तम होती. प्रसूतीचे प्रात्यक्षिक दाखवण्याचा पुतळा होता, इंजेक्शनच्या सरावाचे कृत्रिम हात होते. त्यांपैकी दोन हातांवरचे प्लास्टिकचे वेष्टन अजून उतरलेले नव्हते. आवारातील रुग्णालयात पुरुष वॉर्डाच्या वीस खाटांवर पाच रुग्ण मोजले, त्यांतही दोघांना सलाइन नव्हते, तक्ता नव्हता आणि जेवणाचे डबे घरून आलेले दिसत होते. प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी मुलींना बसने शहरातील दुसऱ्या रुग्णालयात नेले जाते असे सांगण्यात आले. संलग्न रुग्णालये असणे नियमबाह्य नाही, किंबहुना विशेष शाखांसाठी ती लागतातच. पण तेथे आणखी किती संस्थांच्या मुली येतात, हे विचारणे भाग आहे. एका वॉर्डात तीन महाविद्यालयांच्या चाळीस मुली उभ्या राहिल्या की बेड मेकिंग आणि टीपीआर (ताप, नाडी, श्वसन मोजणे) यांपलीकडे कोणाच्याच वाट्याला काही येत नाही, आणि जाण्यायेण्यात रोज दोन तास गेले तर केअर प्लॅन, म्हणजे रुग्णाच्या शुश्रूषेचा आराखडा, लिहायला अंगात त्राण उरत नाही.

प्रोसिजर बुक हाही पाहण्याजोगा कागद आहे. कोणती प्रक्रिया किती वेळा पाहिली, किती वेळा केली आणि कोणाच्या देखरेखीखाली केली याची ती नोंद असते. मी एकदा बाह्य परीक्षक म्हणून एका संस्थेत गेले होते. अंतिम वर्षाच्या एका मुलीच्या वहीत कॅथेटर (लघवीची नळी) घालण्याच्या रकान्यात सगळ्या सह्या होत्या, एकाच शाईच्या आणि एकाच दिवशी केल्यासारख्या, आणि ती मुलगी निर्जंतुक पुडके कोणत्या कडेने उघडावे या विचारात थबकली होती. तिला दोष देता येईना. शक्य असेल तर एखाद्या ज्येष्ठ विद्यार्थिनीची वही उघडून पाहावी आणि तिलाच विचारावे की, तू आजवर किती प्रसूती स्वतः हाताळल्या आहेस. रुग्णालय केवळ अस्थिरोगाचे किंवा डोळ्यांचे असेल तर हे उत्तर कसे येईल, याचा अंदाज आधीच बांधता येतो.

शिक्षकांच्या बाबतीत दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण मानले जाते. संकेतस्थळावरील शिक्षकांची यादी घेऊन तिसऱ्या वर्षाच्या मुलींना त्यांतली पाच नावे विचारावीत. फक्त तपासणीच्या दिवशी अवतरणारे शिक्षक मुलींना ओळखता येत नाहीत. धर्मादाय शाळेतही दोन पदे रिक्त होती आणि मुख्याध्यापिकांनी ते न लपवता सांगितले.

मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगचा, म्हणजे ठरावीक काळ मनोरुग्णालयात प्रत्यक्ष प्रशिक्षण घेण्याचा, मुद्दा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. महाराष्ट्रात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार ठिकाणी आहेत, त्यामुळे अनेक संस्थांच्या विद्यार्थिनींना या पोस्टिंगसाठी बाहेरगावी राहावे लागते. निवास कोण देते, सोबत शिक्षिका राहते का आणि खर्च शुल्कात धरला आहे का, हे प्रश्न प्रवेशापूर्वी विचारलेले बरे.

आता पैशाचा भाग, ज्यात पारडे महामार्गावरच्या महाविद्यालयाकडे अनपेक्षितपणे झुकले. शासनाच्या 8 जुलै 2024 च्या निर्णयानुसार, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते, आणि त्यात विनाअनुदानित खासगी महाविद्यालयेही येतात. मात्र प्रवेश सीईटी या प्रवेश परीक्षेनंतरच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातील किंवा संस्थास्तरावरील प्रवेशाला, तसेच खासगी अभिमत आणि खासगी विद्यापीठांना ही सवलत नाही. म्हणजे त्याच वर्गात शेजारी बसलेल्या दोन मुलींपैकी एकीला शिक्षण शुल्क माफ आणि दुसरीच्या वडिलांच्या डोक्यावर चार वर्षांचे कर्ज, असे होऊ शकते. ‘सीईटीच्या भानगडीत कशाला पडता, थेट प्रवेश देतो’ असे सांगणारा माणूस प्रत्यक्षात काय हिरावून घेत आहे, हे घरच्यांना यावरून कळावे.

सवलत मिळाली तरी वसतिगृह, खाणावळ, बस, गणवेश आणि पुस्तके यांचा खर्च उरतोच. खासगी बीएस्सी महाविद्यालयाचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते. तो आकडा आणि संस्थेने हातात दिलेला आकडा यांत फरक असेल तर प्रत्येक बाबीचा हिशेब लेखी मागावा. पावतीशिवाय मागितलेली रक्कम देणगी म्हणवली जात असली तरी कॅपिटेशन फी घेण्यास राज्यात 1987 च्या कायद्यानेच बंदी आहे. धर्मादाय शाळेचे एकूण शुल्क कमी होते आणि वसतिगृह रुग्णालयाच्या आवारातच होते, त्यामुळे बसचा खर्च शून्य.

तिसऱ्या पत्रकाविषयी थोडक्यात लिहिते. कर्नाटकातील नर्सिंग शिक्षण कमी प्रतीचे आहे असे मुळीच नाही. सीमाभागातील अनेक मराठी मुली तेथे शिकून उत्तम नोकऱ्या करीत आहेत, आणि स्वतःचे मोठे रुग्णालय असलेली महाविद्यालये तेथेही आहेत. आमच्या हातातील प्रस्तावात दोष वेगळा होता. मध्यस्थ सांगत होता की मुलीने वर्षातून दोनदा परीक्षेपुरते यावे, हजेरीचे ‘पाहून घेऊ’. परीक्षेला बसण्यासाठी 80 टक्के उपस्थिती आणि पदवी हाती पडण्यापूर्वी प्रात्यक्षिकाची 100 टक्के पूर्तता हा नियम आहे. तो बाजूला सारून मिळालेली पदवी पहिल्या रात्रपाळीतच उघडी पडते, आणि तेव्हा खाटेवर कोणीतरी खराखुरा माणूस असतो. शिवाय परराज्यातून शिकून आल्यावर मूळ परिषदेकडून पडताळणी करून घेऊन महाराष्ट्रात नोंदणी हस्तांतरित करावी लागते. त्यात काही महिने जाऊ शकतात, आणि तेवढ्यात एखादी भरतीची जाहिरात निघून जाते. नियमित हजेरीने, वॉर्ड पाहून आणि कन्नड बोलण्याची तयारी ठेवून जाणार असाल तर हा पर्याय खुला ठेवावा.

शेवटी पदविका आणि पदवी यांतील फरक. जीएनएम तीन वर्षांत पूर्ण होतो आणि कमाई लवकर सुरू होते. पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करून पदवी मिळवता येते, म्हणजे एकूण पाच वर्षे. बीएस्सी थेट चार वर्षांचा. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते व खुल्या प्रवर्गाला 45 टक्के गुणांची अट आहे, तर जीएनएमला कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही वाट आहे. राज्य शासनाच्या अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) पदासाठी दोन्ही चालतात. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत मात्र पदवीधर थेट पात्र ठरतात, तर जीएनएम झालेल्यांना किमान 50 खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. अध्यापनाकडे वळायचे असेल, एमएस्सी करायचे असेल, तर पदवीची वाट सरळ आहे यात शंका नाही.

म्हणून माझा क्रम असा लागतो. केंद्रीभूत प्रक्रियेतून, स्वतःचे चालते रुग्णालय असलेल्या महाविद्यालयात बीएस्सीची जागा मिळत असेल तर ती निःसंशय पहिली. तशी न मिळाल्यास, रिकाम्या खाटांच्या बीएस्सीपेक्षा भरलेल्या खाटांचा जीएनएम मी वर ठेवते, मग नातेवाईक ‘डिग्री सोडून डिप्लोमा कशाला’ म्हणोत. माझ्या बहिणीला हे पटले नाही. तिच्या मते शुल्कमाफी हातची जाऊ देणे शहाणपणाचे नव्हते, आणि तिच्या घरचा हिशेब पाहता ती अगदीच चूक होती असेही म्हणता येणार नाही.

भाचीने पसंतीक्रमात महामार्गावरचे महाविद्यालय तिसऱ्या क्रमांकावर ठेवले, वरच्या दोन ठिकाणी मोठ्या रुग्णालयांची महाविद्यालये भरली आणि धर्मादाय शाळेचा अर्जही मुदतीत दाखल केला. तेथील कारकुनाने दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका ठेवून घेण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा तिने त्या पडताळणीसाठी दाखवल्या, साक्षांकित प्रती दिल्या आणि मूळ कागद पिशवीत परत ठेवले. मूळ गुणपत्रिका एका संस्थेच्या कपाटात अडकल्या असत्या तर दुसऱ्या फेरीत दुसरीकडे जागा लागूनही तिला ती घेता आली नसती.