ताडपत्री घ्यायची असेल तर आधी हे वाचा (४ स्टार)

आमच्याकडे श्रीवर्धनला ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर मे लागला की ताडपत्रीला नुसती झुंबड असते, म्हणून यावेळी एप्रिलमध्येच घेऊन टाकली, २०० जीएसएमची, १८ बाय २४ फुटी, बाजारातल्या हार्डवेअरवाल्याकडून. मेन गोष्ट म्हणजे वजन करूनच घ्या. २०० जीएसएम म्हणजे एका स्क्वेअर मीटरला २०० ग्रॅम, या साइजला साधारण ८ किलो भरलीच पाहिजे, पहिल्या दुकानात साडेपाच भरली तर तो म्हणतो काटा खराब आहे 😄 बरं. ह्यांची बरोबर भरली, कडेला आतून दोरी आहे, रिंगा तीन-तीन फुटांवर. एक स्टार कापला कारण कोपऱ्यांना जादा पट्टी नाहीये आणि वाऱ्यात पहिलं तिथूनच फाटतं.

दुकानदार काका भारी बोलके, म्हणे एवढी रॉकेटं सोडतात मग वादळ का नाही थांबवत. अहो काका, अमेरिकेने १९६२ ते १९८३ तेच करून बघितलं, विमानातून वादळात सिल्व्हर आयोडाइड सोडायचे, नाही जमलं, शेवटी बंद केलं.

आणि हो, ताडपत्री वादळाच्या आधी छपरावर टाकून ठेवू नका, वारा आत शिरला की गेलीच. ती नंतर, कौलं उडाली की पावसापासून सामान वाचवायला. आधी पत्र्याचे हुक नि वायसर टाइट करून घ्या. दोरी मात्र नायलॉनची वेगळी घ्या, फ्री देतात ती बेकार आहे.